चपला काढू नका, जिभाऊ!

या खेपेचं संपादकीय चपलांच्या एका जोडावर लिहितो आहे. हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मग वाचा.

६ डिसेंबरला आमचे जिभाऊ चैत्यभूमीवर आले. जिभाऊ म्हणजे माझ्या बापाचे चुलतभाऊ. नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यातलं एक खेडं, खेड्याच्या कडेला आमची वस्ती, वस्तीच्या शेवटाला जिभाऊंचं पत्र्याचं घर. सत्तरीचा माणूस रात्रभर रेल्वेच्या डब्यात संडासाशेजारी बसून आला. रांगेत उभं राहून अभिवादन केलं, स्टॉलवरून दोन पुस्तकं घेतली, फूटपाथवर भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "भाऊ, माले ते कोर्ट दखाड. बाबासाहेब काळा कोट घालीसन जठे जायेत, ते."

चर्चगेटला उतरलो. ओव्हल मैदान ओलांडताना जिभाऊ मधेच थांबले. समोर हायकोर्ट. काळसर निळ्या दगडाचा डोंगरच. मधला बुरूज बघायला त्यांनी मान इतकी वर केली, की डोक्यावरची टोपी खाली पडली. टोपी उचलली, झटकली, पुन्हा घातली. आम्ही दाराकडे निघालो. आणि कमानीखालच्या पहिल्या पायरीशी जिभाऊंनी चपला काढल्या. काढून बाजूला ठेवल्या नाहीत. काखेत धरल्या.

मी म्हटलं, "जिभाऊ, हे देऊळ नाही."

ते म्हणाले, "देऊळ नही, ते माले ठाऊक शे. पण हाऊ वाडा शे ना?"

वाडा! माझ्या पोटात कालवलं. जिभाऊंचा बाप पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना चपला काखेत धरून जायचा. त्याच्या बापाला तर चपलाच नव्हत्या. जिभाऊंच्या पायांनी ते पाहिलं होतं, आणि पाय विसरले नव्हते. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हे त्यांना पाठ आहे. गावच्या जयंतीला ते भाषण करतात. पण दगडाची कमान समोर आली आणि हात आपोआप खाली गेला.

त्यांना कुणी सांगितलं होतं? दारावरचा पोलीस बॅगा तपासण्यात गुंतला होता. भिंतीवर तशी पाटी नव्हती. कुणी हटकलं नाही, कुणी शिवी दिली नाही. मग चपला काढायचा हुकूम कुणी सोडला?

दगडानं सोडला, दोस्तहो. दगड बोलतो.

आपल्याला कविता कळते, मोर्चा कळतो, पोलिसांची लाठी तर पाठीलाच कळते. इमारत मात्र आपल्याला कळत नाही. चार भिंती आणि वर छप्पर, एवढंच आपण समजतो. खोटं आहे ते. इमारत म्हणजे गोठवून ठेवलेला हुकूम. कुणी कुठल्या दारानं यायचं, कुणी कुठल्या जिन्यानं चढायचं, कुणी बसायचं, कुणी दिवसभर उभं राहायचं, हे सगळं ती ठरवते आणि वर पुन्हा मुकी राहते. आपलं खेडं नाही का तसंच? मधोमध वाडे, देऊळ, विहीर. आणि गावकुसाबाहेर आपण. या रचनेला कुणी रोज पहारा देत नाही. ती बांधलेलीच तशी आहे.

म्हणून हायकोर्टाचं हे दार आज नीट वाचू.

मुंबई हायकोर्ट स्थापन झालं १८६२ साली. ही इमारत त्यानंतरची. एप्रिल १८७१ मध्ये काम सुरू झालं, नोव्हेंबर १८७८ मध्ये संपलं, आणि जानेवारी १८७९ पासून इथं न्याय द्यायला सुरुवात झाली. नकाशा कर्नल जेम्स फुलर या इंग्रज लष्करी इंजिनिअरचा. लांबी ५६२ फूट, रुंदी १८७ फूट, मधला बुरूज जवळजवळ १७८ फूट. खर्च सुमारे साडेसोळा लाख, त्या काळचे. शैली गॉथिक, म्हणजे युरोपातल्या जुन्या चर्चची. टोकदार कमानी, निमुळते मनोरे, सगळं वर, आभाळाकडे ओढलेलं. लंडनमध्येही त्याच सुमाराला त्याच शैलीचं मोठं कोर्ट बांधणं चालू होतं. ते १८८२ मध्ये उघडलं. मुंबईचं आधी उरकलं! साहेबाला घरच्यापेक्षा इथली घाई जास्त होती. रयतेला दिपवायचं होतं ना.

आता आतलं दालन. मधल्या बुरुजाखालून इमारतीच्या पोटातून पूर्वेकडच्या मुख्य जिन्याकडे जाणारा रुंद, उंच मार्ग. पोरबंदरच्या फिक्या दगडाचा. छताच्या कमानी एकमेकींना आडव्या छेदतात, आणि छेदतात तिथं बरगड्यांसारख्या धारा उमटतात. मोठ्या जनावराच्या पोटात शिरल्यासारखं वाटतं. यातलं तंत्र समजून घ्या, कामाला येईल. सबंध भिंतीवर छताचं ओझं टाकायचं नाही. कमानींनी ते गोळा करायचं आणि कोपऱ्यातल्या खांबांवर आणून सोडायचं. मग मधली जागा मोकळी, उंच, हवेशीर होते. आत आलेला माणूस वर बघतो आणि त्याला वाटतं, छत तरंगतं आहे. ओझं कुठं गेलं हे त्याला दिसत नाही. ते खांबाच्या पायथ्याशी, जमिनीत गेलेलं असतं.

हे कळलं तेव्हा मला हसू आलं. ही तर आपल्या समाजाची बांधणी! वरचं सगळं देखणं, तरंगतं, सुसंस्कृत. आणि ओझं गपचूप खालच्यांच्या टाळूवर.

दुसरी गोष्ट जिन्यांची. पूर्वेचा मोठा जिना पक्षकारांचा, वकिलांचा, कारकुनांचा. न्यायमूर्तींचा जिना वेगळा. पश्चिमेच्या बाजूला दोन अष्टकोनी मनोरे दिसतात ना, ओव्हलवरून फोटो काढताना तुमच्या डोक्यामागे येतात ते, त्यांच्यात न्यायमूर्तींचे खाजगी जिने आहेत. न्याय मागणारा आणि न्याय देणारा यांची पायरीवर गाठ पडू नये, अशी सोय. न्यायाधीशाला कुणी वाटेत गाठून दबाव आणू नये, हे कारण खरं आहे आणि मला ते मान्यही आहे. पण ज्यांच्या शंभर पिढ्यांनी वेगळा पाणवठा, वेगळं मसणवट, चहाच्या टपरीवर वेगळी कपबशी पाहिली, त्यांना वेगळा जिना दिसला की नुसतं कारण पुरत नाही. अंगावर काटा येतो.

तिसरी गोष्ट पैशाची. १८६० नंतर मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडले आणि त्या मोकळ्या जागेवर ही सगळी भव्य रांग उभी राहिली: हायकोर्ट, विद्यापीठ, सचिवालय. पैसा कुठला? अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालली, तिथला कापूस विलायतेला मिळेना, आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीनं मुंबई फुगली. तो कापूस ओव्हलवर उगवत नव्हता, दोस्तहो. तो वऱ्हाडातून येत होता, गुजरातेतून येत होता, आमच्या खानदेशातून येत होता. तापीकाठच्या काळ्या जमिनीत कुणीतरी वाकून बोंडं वेचली. त्याच काळात तिथल्या भिल्लांच्या जमिनी कर्जाच्या कागदांवर सरकत सरकत दुसऱ्यांच्या नावावर गेल्या. कागदावर अंगठा त्यांचा, हुकूमनामा कोर्टाचा.

आणि इमारतीचं काम चालू असतानाच काय चाललं होतं तेही ऐका. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांची घरं घेरून कर्जरोखे जाळले. माणसं फारशी मारली नाहीत, कागद जाळले. कारण मारेकरी कागद होता, आणि त्या कागदाला जोर कोर्टाचा होता. १८७६ ते १८७८ दख्खनमध्ये दुष्काळ पडला, लाखो माणसं मेली. त्या वर्षांतही इथं कमानी वर चढत होत्या. १८७९ च्या जानेवारीत हायकोर्ट या दगडात बसलं आणि त्याच १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्याला सावकारी हुकूमनाम्यांपासून वाचवण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. म्हणजे एका हातानं न्यायाचा राजवाडा बांधला आणि दुसऱ्या हातानं कबूल केलं, की कोर्टानं कुणबी बुडतो! जोतीराव फुले हेच ओरडून सांगत होते. 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये कोर्टकचेऱ्यांत अडाणी शेतकरी कसा नागवला जातो ते त्यांनी लिहून ठेवलं आहे.

पण दगडाला दुसरं तोंडही असतं. या इमारतीतल्या नक्षीकामात एक माकड आहे. त्याच्या एका डोळ्यावर पट्टी आणि हातात तराजू. तराजू वाकडा. सांगतात, की कुणा ठेकेदारानं कोर्टात दावा हरल्याच्या रागानं ते कोरून ठेवलं. ठेकेदार होता की पाथरवट, राग कुणाचा होता, आख्यायिकेत बरंच काही मिसळतं. माकड मात्र आहे. फुलरसाहेबाच्या भव्यतेच्या पोटात बसून कुणीतरी दीडशे वर्षं दात विचकतं आहे. मला त्या छिन्नीवाल्याचं नाव माहीत असतं, तर या अंकाच्या मुखपृष्ठावर छापलं असतं.

आता बाबासाहेब.

१९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन ते या दालनात शिरले. कोलंबिया, लंडन, ग्रेज इन, सगळं पाठीशी. तरी सॉलिसिटर त्यांच्याकडे कामं देईनात. अस्पृश्य बॅरिस्टर! तो मोठा जिना सगळ्यांना मोकळा होता म्हणे. पण जिना चढून गेल्यावर वर कुणी कागद हातात देत नव्हतं. दार उघडं असणं आणि आत जागा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या पोरांनी कायम ध्यानात ठेवावं. आज कॉर्पोरेट हाफिसात आणि आयआयटीत आपण हेच भोगतो.

आणि दालनाच्या बाहेर? १९२९ चं चाळीसगाव आठवा. हा हायकोर्टाचा बॅरिस्टर, सरकारी समितीचा सभासद, आमच्या खानदेशात चौकशीला आला होता. परतताना चाळीसगावला उतरला, तर एकही टांगेवाला त्याला बसवून न्यायला तयार होईना. शेवटी टांगा भाड्यानं घेतला आणि चालवायला बसला वस्तीतलाच एक, ज्याला टांगा हाकता येत नव्हता. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब दगडावर फेकले गेले, पाय मोडला. त्यांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. मुंबईत ज्याच्यापुढे गॉथिक कमानी उघड्या, त्याला चाळीसगावात लाकडी टांगा बंद!

आणि आता या इमारतीनं आपल्याला दिलेला सगळ्यात मोठा कागद. २० मार्च १९२७, महाड. चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळीनं पाणी घेतलं. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. सनातन्यांनी काय केलं? लाठ्या आधी वापरून झाल्या होत्या. या वेळी ते कोर्टात गेले. १२ डिसेंबरला दावा, १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम. तळं खाजगी आहे, वहिवाट प्राचीन आहे, अस्पृश्यांना रोखा! हजारो माणसं महाडला जमली होती. बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली, पण मनाई हुकूम मोडला नाही. का नाही मोडला, असं आपली गरम डोक्याची पोरं विचारतात. मीही विचारलं होतं. आज मला वाटतं, त्यांना नुसतं पाणी प्यायचं नव्हतं. शत्रूनं निवडलेल्या मैदानावर शत्रूला चीत करायचं होतं, ते सुद्धा कायमचं.

पण त्या 'कायमचं'ची किंमत मोजा. महाडच्या कोर्टानं दावा फेटाळला जून १९३१ मध्ये. ठाण्याला अपील, ते फेटाळलं जानेवारी १९३३ मध्ये. मग हायकोर्ट. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी निकाल दिला १७ मार्च १९३७ रोजी: अस्पृश्यांना रोखण्याची वहिवाट अनादिकाळची असल्याचं सिद्ध होत नाही. जिंकलो. एक ओंजळ पाणी, तीन कोर्टं, आणि पहिल्या ओंजळीपासून मोजलं तर तीन दिवस कमी दहा वर्षं.

त्याच वर्षी, ३१ जुलै १९३७ ला, बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. दर ३१ जुलैला आमची खानदेशातली माणसं आजही तिथं जमतात. जिभाऊ जातात. निकाल काय लागला, दावा कुणाचा होता, ते त्यांना सांगता येत नाही. त्यांना एवढंच माहीत, की आपला माणूस धुळ्याच्या कोर्टात बूट वाजवत गेला होता. बूट वाजवत! हाच शब्द ते वापरतात.

आणि त्या माणसानं चपला काखेत धरल्या.

मी त्यांना दोष देत नाही. मी दाराला दोष देतो. आणि दाराबाहेर काय काय उभं केलं जातं, त्यालाही. जयपूरला जा. राजस्थानच्या हायकोर्टाच्या आवारात १९८९ मध्ये मनूचा पुतळा बसवला. त्याच वर्षी तिथल्या न्यायमूर्तींनी तो हलवायचं ठरवलं, त्याला स्थगिती आली, आणि मनू उभाच. २०१८ मध्ये आपल्या औरंगाबादच्या दोन आयाबाया तिथवर गेल्या आणि त्याला काळं फासून आल्या. कोर्टात न्याय मागायला जाणाऱ्या राजस्थानातल्या मेघवाल बाईला आधी मनूसमोरून जावं लागतं. तो दगड तिला काय सांगत असेल? मुंबईत मनू नाही. पण हायकोर्टाच्या रस्त्याला नाव आहे धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणाऱ्या भारतरत्न काण्यांचं. विद्वान माणूस, वाद नाही. मला फक्त एवढंच दिसतं, की धर्मशास्त्राच्या रस्त्यानं चालत गेल्यावर संविधानाचं दार लागतं.

वर पुतळे आहेत दोन. एक न्यायाचा, एक दयेचा. अष्टकोनी मनोऱ्यांवर उभे. न्याय ठीक. पण दया? दया आम्हाला नको आहे. दया आम्ही दोन हजार वर्षं खाल्ली. शिळा तुकडा, उतरलेलं लुगडं, वरून ओतलेलं पाणी, ही सगळी दयाच होती. आणि जिथं दयेचा तराजू झुकतो, तिथं तो कुणाकडे झुकतो? २००६ चं खैरलांजी. याच हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०१० मध्ये फाशीची जन्मठेप केली. फाशी हवी की नको, यावर आपल्यात दोन मतं असतील. माझा मुद्दा फाशीचा नाही. माझा मुद्दा हा, की आख्ख्या गावानं एक बौद्ध कुटुंब संपवलं आणि ॲट्रॉसिटी कायदा त्याला लागला नाही. सूड दिसला, जात दिसली नाही. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टात न्यायदेवतेचा नवा पुतळा बसवला. डोळ्यांवरची पट्टी काढली, तलवारीच्या जागी संविधान दिलं. चांगलं केलं. आता त्या उघड्या डोळ्यांना जात दिसू द्या.

या दालनाच्या वर, मधल्या कोर्टात, १९०८ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. १९५६ मध्ये त्याच जागी मुख्य न्यायमूर्ती छगलांनी टिळकांच्या शब्दांची पाटी लावली. टिळकांशी आपला हिशेब वेगळा आहे, तो इथं काढत नाही. पण त्या पाटीतून एक धडा घ्या: दगडाला नवीन शब्द शिकवता येतात. ज्या कोर्टानं शिक्षा दिली, त्याच कोर्टाच्या भिंतीनं पुढे आरोपीचे शब्द अंगावर घेतले. मग १७ मार्च १९३७ ही तारीखही त्या पोरबंदरी दालनात, आत येणाऱ्याच्या डोळ्यासमोर, मराठीत, मोठ्या अक्षरांत असायला हवी. महाडची शताब्दी २० मार्च २०२७ ला आहे. त्या दिवशी आपण महाडला जाऊच. एक तुकडी मात्र फोर्टात गेली पाहिजे.

आता नंदुरबार. जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. १९८१ मध्ये औरंगाबादचं खंडपीठ सुरू झालं, तोवर आमच्या भागाला अपिलासाठी मुंबईच गाठावी लागायची. आता औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. धडगावच्या डोंगरातला पावरा तिथवर पोचेपर्यंत त्याचे दोन दिवसांचे रोज बुडतात. पोचल्यावर कामकाज इंग्रजीत. त्याची पावरी कुणाला कळत नाही, त्याला वकिलाची इंग्रजी कळत नाही, मधे मराठी लंगडत चालते. सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं गेली. २००० मध्ये सुप्रीम कोर्टानं धरण पुढे जाऊ दिलं. त्या गावांतल्या किती जणांनी ते दिल्लीचं दार डोळ्यांनी पाहिलं असेल?

शहाद्यात १९७२ मध्ये अंबरसिंग सुरतवंतींसारख्या माणसांनी भिल्ल शेतमजुरांना घेऊन श्रमिक संघटना उभी केली. त्यांना दाराशी ताटकळत बसणं मान्य नव्हतं. गेलेल्या जमिनी परत घ्यायला ते रानात उतरले. आपण पँथरवाले तेव्हा मुंबईच्या चाळींत जे बोलत होतो, तेच ते तापीच्या खोऱ्यात करत होते. तो धागा आपण पुरता जोडला नाही, हे आपलं पाप. आजही नाही जोडलेला.

जिभाऊंचाही दावा चालू आहे. दोन एकर हाडोळा. महार वतनाची जमीन. वतनं १९५८ च्या कायद्यानं गेली, जमीन कसणाऱ्याच्या नावावर व्हायला हवी होती. नजराण्याचे पैसे भरल्याची पावती हरवली, सातबारावर दुसरंच नाव आलं, आणि तेव्हापासून तारखा. कुठल्या कचेरीत पावती हरवली, ते लिहीत नाही. ज्या कचेरीत हरवली नाही, अशी दाखवा. आज जिभाऊंच्या पिशवीत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं बाड असतं. चैत्यभूमीलाही ते घेऊन आले होते.

आणि आता ताजी गोष्ट. वांद्र्याला, पूर्वेच्या बाजूला, हायकोर्टाची नवी इमारत होते आहे. ५ नोव्हेंबर २०२५ ला तिची पायाभरणी केली सरन्यायाधीश भूषण गवई यांनी. अमरावतीचे, बौद्ध घरातले, आपलेच. ते म्हणाले, ही इमारत न्यायाचं मंदिर व्हावी, सप्ततारांकित हॉटेल होऊ नये. हॉटेल नको, शंभर टक्के बरोबर. पण साहेब, मंदिरही नको! मंदिराच्या दाराशी आमची माणसं किती वेळ उभी होती हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. काळाराम १९३० साली पाहून झालं. मंदिर म्हटलं की पायरी आली, पुजारी आला, गाभारा आला, आणि चपला काढणं आलं.

आणि चपलेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. त्याच्या महिनाभर आधी, ६ ऑक्टोबर २०२५ ला, सुप्रीम कोर्टात भर कामकाजात एका वकिलानं सनातनच्या नावानं ओरडत याच सरन्यायाधीशांवर बूट फेकायचा प्रयत्न केला. बघा, दोस्तहो, चित्र बघा. एकाला देशाच्या सर्वोच्च कोर्टात पायातला बूट काढून फेकायची हिंमत होते. आणि आमचा सत्तरीचा म्हातारा हायकोर्टाच्या पायरीला पाय लावायच्या आधी चपला काखेत धरतो. या देशात पायतण कुणाच्या पायात, कुणाच्या हातात आणि कुणाच्या काखेत, एवढं सांगा. मी तुम्हाला त्याची जात सांगतो.

म्हणून नव्या इमारतीच्या दारासाठी आमच्या मागण्या. भव्यतेची हौस असेल तर वरच्या मजल्यावर फेडा. दारात आम्हाला बसायला बाकं हवीत, कारण तारखेला आलेला माणूस दिवसभर उभा असतो. पिण्याचं पाणी हवं, अगदी समोर. महाडच्या कोर्टकज्जानंतर तरी पाणी शोधावं लागू नये. फळकावर मराठी आधी हवी आणि तोंडी सांगणारा माणूस हवा, ज्याला अहिराणी, भिली, गोंडी कळेल. पायऱ्यांइतकाच रुंद उतार हवा, मागच्या बाजूला लपवलेला नको. कुबड्या घेऊन येणारा माणूस पुढच्या दारानं येईल. लेकुरवाळ्या बाईला आडोसा हवा. आणि भिंतीवर देवीदेवता नकोत, दयेची मूर्ती नको, संविधानाची उद्देशिका हवी. एवढं केलं तर कमान टोकदार आहे की गोल, आम्ही विचारणार नाही.

शेवटचं, स्वतःलाही. आपण शहरी पोरं ओव्हलवर उभं राहून फोटो काढतो. २०१८ मध्ये ही सगळी रांग युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. हायकोर्टाच्या आत सुटीच्या दिवशी फिरवून आणायची सोयही झाली आहे. जरूर जा, बघा. इमारत सुंदर आहे. तिची निंदा करायला मी हे लिहिलं नाही. त्या बरगडीदार छताखाली उन्हातून आलं की खरंच गार वाटतं. पण सौंदर्यानं दिपून जाऊन तिचा हुकूम ऐकायला विसरू नका. आणि पुढच्या वेळी एकटे जाऊ नका. गावाकडचं कुणी तारखेला येणार असेल तर त्याच्याबरोबर जा. त्याचं बाड तुम्ही धरा. त्याच्या पुढे नाही, मागे नाही, बरोबरीनं चाला.

त्या दिवशी मी पायरीवर वाकलो आणि जिभाऊंच्या काखेतल्या चपला काढून त्यांच्या पायाशी ठेवल्या. ते ओशाळले. माझ्या खांद्याला धरून एकेक पाय आत सरकवला. मग त्यांनी पहिली पायरी चढली. दुसरी चढली. दालनात शिरले आणि थांबले. टायरच्या चपलांचा आवाज त्या दगडी छताला लागून परत आला होता. त्यांनी मुद्दाम पुन्हा पाय आपटला. पुन्हा आवाज आला.

"वाजस," ते म्हणाले.

वाजतंय, जिभाऊ. वाजलंच पाहिजे.

जयभीम!

— संपादक